डोक्यावर हात ठेवून

निवासी करारनामा मी पुन्हा लिहायला घेतला तेव्हा माझं डोकं आधीच तापलेलं होतं. आदल्या मसुद्यात मी 'आवारात दारू आणू नये' असं लिहिलं होतं, तर एकजण फाटकाबाहेरच्या पुलावर बसून पिऊन आला आणि करारनामा माझ्याच तोंडावर फडकवू लागला. मग मी 'आवारात अथवा बाहेर' असं लिहिलं. दुसऱ्यानं बिअर घेतली. "मॅडम, बिअर कुठं दारू असते?" शेवटी जगातल्या सगळ्या नशिल्या पदार्थांची नावं टाकली, तरी खोकल्याचं औषध राहिलंच. प्रत्येक नव्या मसुद्यावर ढळढळीत सही करायची आणि संध्याकाळी झुलत यायचं! सहीला काडीची किंमत नव्हती.

आमचं निवास वाशीमबाहेर, अनसिंगच्या रस्त्याला आहे. पूर्वी ते मंगल कार्यालय होतं. खोल्यांच्या दारांवर अजून 'वरपक्ष' आणि 'वधूपक्ष' रंगवलेलं दिसतं. व्यसनमुक्ती केंद्रातून सुटलेल्या, पण घरी गेले की घसरणार हे ठरलेल्या लोकांनी इथे काही महिने राहायचं, कामाला जायचं, परत यायचं. ते वरपक्षात राहतात, मी वधूपक्षात बसून करारनामे लिहिते. संस्था शेषरावांची. ते एसटीत ड्रायव्हर होते, स्वतः पिऊन पिऊन नोकरी घालवून बसले, मग सुटले.

"सपनाताई, कागद फाडून टाका," ते म्हणाले. "ही मानसं कागदाले भेत नाहीत. मायच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्याले लावा. मंग पाहा."

मला पटलं नाही. आमच्या घरी नवस, उतारे, शपथा यांना कधी थारा नव्हता, आणि समाजकार्याची पदवी घेऊन मी असलं काही लिहावं याची लाज वाटली. पण वैताग माणसाकडून काहीही करवून घेतो. मी नवीन कलम टाकलं: निवासी आपल्या सर्वांत जवळच्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवून, दोन साक्षीदारांसमोर शपथ घेईल.

पहिला नंबर फुलचंद राठोडचा लागला. पोहरादेवीजवळच्या तांड्यावरचा, चाळिशीचा, हातात गवंडीकाम, आणि आमच्याकडे यायची-जायची सवय झालेला. बायको केव्हाच माहेरी निघून गेलेली. उरली होती म्हातारी आई, कमलीबाई. ती सकाळच्या गाडीनं आली, खुर्ची नको म्हणाली आणि फरशीवर बसली. फुलचंदनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"आता दारूले शिवलो तं याडीचं बरंवाईट होईन," तो म्हणाला. याडी म्हणजे आई.

मी साक्षीदार म्हणून सही केली. कमलीबाईनं हात उचलून स्वतःचं डोकं चाचपलं. ऊन लागल्यावर चाचपतात तसं.

"जड हात हाये रे तुहा," ती एवढंच बोलली.

फुलचंद सुधारला. वेळेवर कामाला जायचा, वेळेवर यायचा, श्वास तपासायच्या यंत्रात फुंकर मारली की शून्य. शेषराव मिशीत हसायचे आणि मी मनातल्या मनात जळायचे, कारण माझ्या सगळ्या कलमांपेक्षा ती एक शपथ भारी ठरली होती.

मग गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे देशीच्या रिकाम्या बाटल्या सापडल्या. माझा संताप अनावर झाला. सगळ्यांना रांगेत उभं करून फुंकर मारायला लावली. सगळे शून्य. फुलचंद आपणहून पुढे आला.

"माह्या हायेत मॅडम."

"मग यंत्र शून्य कसं दाखवतं?"

"मले चढतच नाही आता. आधी एक पेली, मंग दुसरी. पान्यावानी लागते. पाहा नं, सरळ उभा हावो मी."

तो खरंच सरळ उभा होता. डोळे स्वच्छ, बोलणं स्वच्छ. मी यंत्र दुरुस्तीला पाठवलं आणि दुसरं मागवलं. फुलचंदला काढून टाकायचं पत्रही टाइप केलं, पण शेषरावांनी ते दाबून ठेवलं.

त्याच सुमारास तांड्यावरून हरिसिंगचा फोन आला. हा कमलीबाईचा शेजारी.

"मॅडम, तुमी पोराले सुधरवलं अन् म्हातारी बिघडून गेली. भरदिवसा पिऊन पडून राह्यली."

या कामात असे फोन नवे नसतात. आई, बायको, भाऊ, कुणीतरी लपून पीत असतं आणि घराला ते शेवटी कळतं. तरी मी गेले. दुपारची वेळ होती. अंगणात सोयाबीन वाळत घातलेलं आणि कडेला बाजेवर कमलीबाई. मला बघून ती उठायला गेली आणि कलंडली. मी सावरलं. जीभ जड, डोळे तांबारलेले, मान एका जागी ठरत नव्हती. माणूस प्यायलेला आहे हे मला दहा फुटांवरून कळतं. ते माझं रोजचं काम आहे.

फक्त वास नव्हता. मी अगदी तिच्या तोंडाजवळ गेले. भाकरीचा वास येत होता, दुसरा कसलाच नाही.

"मी नाही पेली वं बाई," ती म्हणाली आणि रडायला लागली. "जलमात नाही पेली. बसल्या बसल्या चढते. लोकं हसून राह्यले मले."

तेवढ्यात शेषरावांचा फोन आला. फुलचंद पुन्हा गच्चीवर सापडला होता. बाटली जवळजवळ संपवलेली आणि हा शांतपणे बसून टाकीच्या भिंतीला गिलावा करत होता. एकही थापी वाकडी नाही, शेषराव म्हणाले.

योगायोग, मी स्वतःला बजावलं. परतीच्या वाटेवर बजावतच राहिले. पण फुलचंदला समोर बसवून मी आईची हालत जशीच्या तशी सांगितली. त्याचा चेहरा उतरला. त्यानं स्वतःचा उजवा हात उलटासुलटा करून पाहिला.

त्या दिवसापासून त्यानं खरंच सोडली. मी खात्रीनं सांगते, कारण तो माझ्याच दारासमोर अंथरूण टाकून राहू लागला आणि शेषरावांची नजर क्षणभरही त्याच्यावरून हलत नव्हती. माझा करारनामा पहिल्यांदाच कुणीतरी पाळत होतं. मला आनंद व्हायला हवा होता.

तीन दिवसांनी हरिसिंगनं कमलीबाईला वाशीमच्या सरकारी दवाखान्यात आणलं.

तिचे हात थरथरत होते. अंगावरची चादर ती चिमटीनं पुन्हा पुन्हा झटकत होती. "मुंग्या," ती म्हणत होती, "मुंग्या काढा वं." घामानं उशी भिजली होती. तरुण डॉक्टर माझ्याकडे वळले.

"किती वर्षांपासून घेतात?"

"कधीच नाही."

"सगळेच नातेवाईक असं सांगतात," ते थकून म्हणाले. "दारू एकदम तोडली की हे होतं. तुम्हाला तर माहीत असेल. औषधं देतोय आम्ही, पण लागू पडत नाहीत. सकाळपासून दोनदा झटके आले. तिसरा तिचं हृदय सोसेल असं वाटत नाही."

मला माहीत होतं. वरपक्षातल्या निम्म्या लोकांना मी या अवस्थेत पाहिलं आहे. माझा राग कुणावर काढावा तेच कळेना. डॉक्टरवर, शेषरावांवर, त्या कलमावर? लिहिलं तर मीच होतं.

फुलचंद खाटेच्या पायाशी उभा होता. त्याचे हात गजावर ठेवलेले, अगदी स्थिर. इतक्या जुन्या पिणाऱ्याचे हात तिसऱ्या दिवशी असे नसतात.

मी त्याला बाहेर व्हरांड्यात घेऊन आले.

"परत हात ठेव तिच्या डोक्यावर," मी म्हटलं. "म्हण, शपथ मागे घेतो."

"ठेवला मी मघाशी. म्हनलं बी." तो घोगऱ्या आवाजात बोलला. "काईच नाही झालं." मग त्यानं माझ्या डोळ्यांत पाहिलं. "तुमीच लिवलं नं ते मॅडम. आता तुमीच सांगा. पाळू का मोडू?"

आतून खाट खडखडल्याचा आवाज आला.

मी पर्स उचलली आणि निघाले. बसस्टँडजवळच्या देशीच्या दुकानात बायका जात नाहीत. गल्ल्यावरचा माणूस मला ओळखत होता. त्याचं दुकान बंद व्हावं म्हणून मी एकदा मोर्चा नेला होता. त्यानं काही न विचारता बाटली कागदात गुंडाळून दिली. माझे कान तापले होते.

सायकल स्टँडच्या मागे, लिंबाखाली, मी ती फुलचंदच्या हातात दिली.

तो रडत होता. रडत रडतच त्यानं तोंडाला लावली. अर्धी झाल्यावर थांबला आणि तोंड पुसलं. त्याच्यात काहीही फरक दिसला नाही.

मी धावत वॉर्डात गेले.

चादर जागेवर होती. कमलीबाईचे हात पोटावर शांत पडले होते. डॉक्टर नाडी धरून घड्याळाकडे बघत होते. "आता लागू पडलं बघा औषध," ते म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले.

मी स्टुलावर बसले. कमलीबाईनं डोळे उघडले. मला ओळखलं. गालांवर थोडी लाली आली होती. तिनं बोटानं मला जवळ बोलावलं, मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"उरली असंन नं थोडी?" ती लाडीगोडीनं कुजबुजली. "पिऊ द्या वं त्याले."