नाव नसलेले आकडे

"सूट. मोठा. लहान. चित्र. नव्वद. साठ. चित्र. दोन उभ्या रेघा. चाळीस. चित्र. चाळीस. पंचवीस."

सुरंगीच्या कानात स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी संगणकातली आज्ञावली) एवढं बोलला आणि गप्प झाला. तिने बाणाची कळ दाबत पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. पुन्हा तेच. यातले चाळीस कशाचे? पंचवीस कुणाचे? या कोड्यापायी ती परीक्षेत एकदा नापास झाली होती आणि आता तिला रडू यायच्या बेतात होतं.

सुरंगी बारा वर्षांची. तिला जन्मापासून दिसत नाही. चंद्रावरच्या ऐलतळ नावाच्या वस्तीत ती आई-बाबा आणि आजोबांबरोबर राहायची. ही वस्ती जमिनीखाली होती. वर जायचं तर अंतराळसूट घालावा लागे आणि त्याआधी 'बाहेर जाताना' हा ऑनलाइन अभ्यासक्रम पुरा करून परीक्षा द्यावी लागे. बारा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय परीक्षेला बसताही येत नसे. त्या बाबतीत कुणाची लाडीगोडी चालायची नाही.

गेल्या वर्षी आजी गेली. ऐलतळावर कुणी गेलं की वर, विवराच्या (उल्का आदळून झालेल्या खड्ड्याच्या) कड्याखाली, त्या माणसाच्या नावाने दगडांची रास रचतात. घरातल्या प्रत्येकाने आपला दगड आपल्या हाताने ठेवायचा, दुसऱ्याकडे देऊन चालत नाही. वर्षश्राद्धाच्या दिवशी ती रास वितळवलेल्या मातीने सांधून टाकतात. मग तिच्यात कुणाचाच दगड जात नाही.

आजीच्या राशीत तीन दगड होते: आईचा, बाबांचा आणि आजोबांचा. सुरंगी तेव्हा लहान होती, म्हणून तिचा दगड घरीच राहिला. तिचं बोट धरून तिला ब्रेल शिकवणारी आजी, आणि तिच्याच राशीत आपला दगड नाही! वर्षश्राद्ध पुढच्या आठवड्यावर आलं होतं. ही परीक्षा हुकली असती तर सगळंच हुकलं असतं.

त्या दिवशी नलावडे बाई घरी आल्या. अभ्यासक्रम त्यांनीच तयार केला होता. मनाने फार चांगल्या बाई. येताच त्यांनी सुरंगीच्या पाठीवरून हात फिरवला.

"सुरंगी, बाकी सगळं तुला येतंय बघ. तो तक्त्याचा एक प्रश्न तुला माफ करू या. आजोबा असतीलच की बरोबर."

सुरंगीला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. पण लगेच तिच्या लक्षात आलं: तो तक्ता होता बाहेर किती वेळ थांबता येतं याचा. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे उन्हाची ऊब सावलीत पसरत नाही. उन्हात अंग भाजेल आणि दोन पावलांवरच्या सावलीत रक्त गोठेल, अशी तिथली तऱ्हा. सावलीत सुटाची बॅटरी ऊब देता देता भराभर संपते. मोठ्यांच्या सुटाची बॅटरी मोठी, मुलांच्या सुटाची छोटी. आणि आजीची रास तर सावलीतच होती.

"बाई, तुम्ही माफ कराल हो," ती म्हणाली, "पण बाहेरची थंडी मला माफ करेल का?"

आजोबांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. वस्तीतल्या हवेचा आणि उष्णतेचा अभ्यास करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

"बरोबर बोलते आहे ती. पण सुरंगी, तुझं अडतंय कुठे?"

"मला तक्ते कळतच नाहीत, आजोबा. मला तेवढं डोकंच नाहीये."

"डोकं नाही हे झालं अनुमान (पुराव्यावरून बांधलेला अंदाज). पुरावा कुठाय? आण ते हेडफोन इकडे."

आजोबांनी डोळे मिटले आणि हेडफोन कानाला लावले. सुरंगीने परीक्षेतला प्रश्न त्यांना विचारला: पूर्ण सावलीत, लहान सूट घालून किती वेळ थांबता येईल? आजोबांनी एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"चाळीस मिनिटं?"

"मीपण तेच लिहिलं होतं. गोठलात तुम्ही, आजोबा."

आजोबांनी डोळे उघडून पडद्याकडे पाहिलं. तक्ता मोठा देखणा होता. वर ठळक अक्षरांत सुटांची नावं होती. डावीकडे एक पिवळा सूर्य, एक अर्धा झाकलेला सूर्य आणि एक काळा गोळा अशी चित्रं होती. म्हणजे ऊन, अर्धी सावली आणि पूर्ण सावली. आजोबांना एका नजरेत उत्तर सापडलं: पंचवीस.

"डोळे उघडले की कळतं, मिटले की कळत नाही," ते पुटपुटले. "म्हणजे डोक्याचा दोष नव्हे. मग बिघडलंय कुठे?"

"आजोबा, इतिहासाच्या पाठातला तक्ता मला कळतो," सुरंगीला एकदम आठवलं. "त्यात प्रत्येक आकड्याच्या आधी त्याचं नाव ऐकू येतं."

मग काय, आजोबांनी दोन्ही तक्त्यांच्या पोटातली संगणकाची भाषा शेजारी शेजारी उघडली. फरक लगेच समोर आला. इतिहासाच्या तक्त्यात काही खान्यांवर खूण होती: हा शीर्षकाचा खाना (ज्याच्यामुळे बाकीच्या आकड्यांना नाव मिळतं तो), आणि हा या रकान्याचा किंवा या ओळीचा. बाईंच्या तक्त्यात तशी खूण एकाही खान्यावर नव्हती.

"पण मी शीर्षकं ठळक केली आहेत की!" बाई म्हणाल्या.

"ठळक तुम्हाला दिसतात, बाई," सुरंगी म्हणाली. "स्क्रीन रीडरला अक्षरांची जाडी कळत नाही."

आजोबा म्हणाले, "असं बघा. स्वयंपाकघरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या काढून वरच्या भिंतीवर चिकटवल्या, तर डोळस माणूस खाली-वर बघून जुळवून घेईल. एका वेळी एकच डबा हाताशी असलेल्या माणसाने काय करायचं? त्याच्यासाठी चिठ्ठी डब्यालाच बांधलेली हवी. शीर्षकाची खूण म्हणजे ती दोरी."

बाईंनी तिथेच काम सुरू केलं. रकान्यांच्या आणि ओळींच्या शीर्षकांवर खुणा केल्या. सूर्याच्या चित्रांच्या जागी शब्द लिहिले. 'सूट' हा शब्द दोन रकान्यांवर पसरून एकच लांब खाना झाला होता. तो मोडून त्यांनी सरळ 'मोठा सूट' आणि 'लहान सूट' असे वेगळे रकाने केले, कारण जोडखान्यांपाशी (अनेक खाने मिळून केलेल्या एका खान्यापाशी) स्क्रीन रीडर पुष्कळदा वाट चुकतो.

"आणि त्या दोन उभ्या रेघा कसल्या?" सुरंगीने विचारलं.

बाई ओशाळल्या. "अगं, शाळेपासूनची सवय. वरचाच आकडा खाली आला की पुन्हा लिहायचा कंटाळा, म्हणून दोन रेघा ओढायच्या. तिथेही नव्वदच आहे." त्यांनी रेघा पुसून नव्वद लिहिलं. शेवटी तक्त्यालाच नाव दिलं: 'बाहेर थांबण्याची वेळ, मिनिटांत'.

सुरंगीने हेडफोन लावले. बाणाची कळ दाबत ती शेवटच्या खान्यात पोचली.

"पूर्ण सावली. लहान सूट. पंचवीस," स्क्रीन रीडर म्हणाला.

तिला हुंदका आवरेना. "म्हणजे मी ढ नव्हते," एवढंच ती कसंबसं बोलली. बाईंचेही डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, "पृथ्वीवरची मुलंही इथे येण्याआधी हा अभ्यासक्रम घेतात गं. अजून कितीतरी तक्ते बाकी आहेत. मी दुरुस्त करत जाते, तू ऐकून सांगशील?" सुरंगीने डोळे पुसत मान हलवली.

ती परीक्षा पास झाली, कुठलाही प्रश्न माफ न होता.

वर्षश्राद्धाच्या दिवशी आई-बाबा आधी जाऊन आले. मग आजोबा आणि सुरंगी निघाले. ऊन मागे पडलं आणि कड्याच्या सावलीत शिरताच सुटातला ऊब देणारा पंखा जोराने घुमू लागला. तिने तिथेच सुटाचं बोलकं घड्याळ लावलं. राशीपाशी गुडघे टेकून तिने जाड हातमोज्यांनी एकेक दगड चाचपला. आईचा, बाबांचा, आजोबांचा. मग आपला दगड अलगद वर ठेवला आणि तो हलत नाही ना, हे दोनदा पाहिलं. ती आजीशी मनातल्या मनात बोलली. आजोबा मात्र रेडिओवर मोठ्याने बोलत होते; घरातलं, बागेतलं, नातीच्या परीक्षेचं. ते थांबेचनात.

"पंधरा मिनिटं," घड्याळ म्हणालं.

"आजोबा, निघायला हवं."

"बसू गं जरा. चाळीस मिनिटं आहेत आपल्याला."

"चाळीस तुमच्या सुटाला. माझ्या सुटाला पंचवीसच. आणि उन्हापर्यंत चालायचंही आहे."

"मी माझाच रकाना वाचत बसलो होतो, सुरंगी," ते म्हणाले.

त्यांना उठवत नव्हतं. सुरंगीने हात पुढे केला, त्यांना उभं केलं आणि दोघं उन्हाच्या दिशेने चालू लागली.