मऊ स्प्रिंगांची चोरी

"वहिनी, माझ्यावर चोरीचा आळ आलाय," गॅरेजवाल्याने दारातच सांगून टाकलं. "आणि आळ घेणारी माझी सख्खी बहीण आहे."

वहिनींनी त्याला खुर्ची दिली. त्या खासगी तपासनीस. विमा कंपनीसाठी अपघातांची चौकशी करता करता केस पांढरे झाले, मग स्वतःची पाटी लावली. पाटीवर नाव ठसठशीत होतं, पण ते वाचतो कोण? धाकटा दीर सदा सोबत आणि त्याचं दर वाक्याला 'वहिनी, वहिनी' चाललेलं, त्यामुळे सगळ्या शहराच्याच त्या वहिनी झाल्या. या दिराला, म्हणजे भावजींना, गाडी फार छान चालवता यायची. डोकं वाटताना मात्र देवाने हात जरा आखडता घेतला होता.

"चोरलंत काय?" वहिनींनी विचारलं.

"गाडीच्या स्प्रिंगा."

भावजी खो खो हसले. गॅरेजवाल्याच्या डोळ्यांत पाणी दिसलं तसं त्यांनी हसू गिळलं.

"माझी धाकटी बहीण जनावरांची डॉक्टर," तो सांगू लागला. "डोंगरातल्या वस्त्यांवर जीपने फिरते. रस्ता कसला, नुसते दगड! यंदा तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. सर्जनने बजावलंय, गाडी धक्के देणार नसेल तरच फिरती, नाहीतर कचेरीतली खुर्ची. वहिनी, ही बाई खुर्चीत सुकून जाईल हो."

"मग तुम्ही जीप हातात घेतलीत."

"दोन इंच उंच केली. दगड पोटाला घासू नयेत म्हणून उंची हवीच, पण उंचीपायी आराम सोडायचा नाही, हे मी आधीच ठरवलेलं. अंगणातून जीप उभी होती तशीच आणली, कामाच्या सामानासकट. आधी अगदी मऊ जोडी घालून पाहिली, तर मागची बाजू पार बसली. मग जरा कडक घातली. अहाहा! पहिल्याच फेरीत बाई शेजारच्या सीटवर चक्क घोरायला लागली."

"त्या फेरीत आणखी काही घडलं?"

"वळणावर ताजं डांबर टाकत होते. गाडीखाली सगळीकडे उडालं. मेहुणे अजून कुरकुरतात त्यावरून."

पुढे एक रात्र जीप ग्रीस भरायला गॅरेजात राहिली. परत गेल्यावर चारेक दिवसांत बहिणीचा फोन आला, दादा, गाडी पाठ फोडतेय. मागोमाग मेहुणे गॅरेजात हजर. फळीवर त्यांना ती मऊ जोडी दिसली, 'अति मऊ' अशी चिठ्ठी लावलेली.

"झालं! चांगल्या स्प्रिंगा रात्रीतून काढून घेतल्या, दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकायला ठेवल्या, म्हणाले. तेव्हापासून मला गाडीजवळ फिरकू देत नाहीत. आणि सोमवारी ती कचेरीच्या खुर्चीला होकार कळवणार आहे."

"भावजी, किल्ली घ्या," वहिनी म्हणाल्या.

जीप अंगणात उभी होती. मेहुणे शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे आपण चुकू शकतो ही शक्यता त्यांच्या हिशेबात फारशी यायची नाही.

"मी मोजल्याशिवाय बोलत नाही," त्यांनी मागच्या चाकाशी वाकून दाखवलं. "आधी चाकावर जेमतेम मूठ जायची. आता वीत जाते. स्प्रिंग बदलल्याशिवाय गाडी वाढेल कशी? ती काय लहान पोर आहे?"

भावजींना हे फारच पटलं. "वहिनी, चोर सापडला की हो!"

"सापडला तर खरा, पण जरा दम धरा. टॉर्च द्या इकडे."

वहिनी सतरंजी टाकून सरळ गाडीखाली शिरल्या. बाहेर आल्या तेव्हा कोपर काळं झालं होतं आणि चेहरा मजेत. मागचं दार उघडून त्यांनी आत पाहिलं. नवीकोरी गादी पसरलेली होती. तिच्या कडेला पत्र्यावर गंजाचा गोल डाग होता.

"गादी कशाला?"

"प्रवासात आडवं पडावंसं वाटलं तर? तिच्यासाठी काय करू आणि काय नको असं होतं मला," मास्तर म्हणाले. गणिताचा आवाज तेवढ्यापुरता मऊ झाला.

डॉक्टरीणबाईंच्या सासूबाई अंगणाच्या कोपऱ्यात वेलींना पाणी घालत होत्या. पट्टे आवळलेल्या निळ्या पिंपातून तांब्या भरायचा आणि ओतायचा. वेली चढल्या होत्या जाडजूड लोखंडी नळ्यांच्या मांडवावर.

"मांडव भक्कम आहे हो."

"मुलाने परवाच उभा करून दिला," त्या खूश झाल्या, मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "सुनेचा भाऊ मला काही लबाड वाटत नाही. पण पोरीची पाठ दुखते, ते सोंग नाही. उशीत तोंड घालून रडते, मला कळत नाही असं वाटतं तिला."

डॉक्टरीणबाई खोलीत पाठ टेकून बसल्या होत्या. उशाशी औषधं थंड ठेवायची भलीमोठी पेटी होती, तिच्यावर पाण्याचा पेला आणि चष्मा.

"ही पेटी इथे?"

"ह्यांनी आणून ठेवली, हाताशी बरी म्हणून." त्यांनी पाठीमागची उशी सरकवली. "स्प्रिंगा गेल्या तर खड्ड्यात जाऊ देत, वहिनी. पण दादाने मला फसवावं? मी नुसतं दुखतंय म्हणाले होते, बाकीचं सगळं ह्यांनी जुळवलं. आणि मीही मान डोलावली. ते जास्त दुखतंय."

वहिनी उठल्या. "तुमच्या दादांना बोलावून घेते. चालेल?"

डॉक्टरीणबाईंनी पेटीवरचा चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला.

तासाभराने सगळे अंगणात जमले. भाऊ फाटकाजवळच उभा राहिला, अंग चोरून.

"चोरी झालेली आहे," वहिनींनी सुरुवात केली, "आणि चोर या घरातलेच आहेत."

"काय म्हणालात?" मास्तरांच्या भुवया कपाळात गेल्या.

"स्प्रिंगा मात्र पहिल्या दिवसापासून त्याच आहेत. मास्तर, तुमचं ते नावडतं डांबर आठवा. स्प्रिंगेवरून नटावर आणि नटावरून पत्र्यावर त्याचा ओघळ सलग गेलाय. स्प्रिंग काढायची तर नट फिरवावा लागतो, आणि नट फिरला की ओघळ तुटतो. इथे एकही तुटलेला नाही. या, बघा."

मास्तर स्वतः गाडीखाली गेले. बराच वेळ गेला.

"बरं, नाही तुटलेला," आतून आवाज आला. "पण मग गाडी उंच कशी झाली?"

"ओझं उतरलं म्हणून. गंजाचा तो गोल डाग पिंपाचा आहे. पाण्याचं पिंप कुठे आहे? वेलींपाशी, गाडीचे पट्टे अजून अंगावर घेऊन. जनावर अडकवून धरायच्या लोखंडी नळ्या कुठे आहेत? त्यांचा मांडव झालाय. औषधांची पेटी उशाशी. तुमच्या जीपमध्ये आज एक गादी आहे, बस्स!"

"अरे देवा! गाडी रिकामी आहे?" गॅरेजवाल्याने कपाळावर हात मारला.

"पण हलकी गाडी म्हणजे कमी धक्के ना?" मास्तर चाचरत बाहेर आले. "ग्रीस भरून गाडी आली तेव्हा ती पुन्हा फिरतीवर निघणार होती, म्हणून मी सगळं उतरवलं. सामान मागून टेम्पोने पाठवणार होतो."

"पिंप मीच मागून घेतलं," सासूबाई पुटपुटल्या. "म्हटलं, दुखऱ्या पाठीमागे पाण्याचं ओझं कशाला?"

"तिथेच सगळे चुकलात. या स्प्रिंगा यांनी भरल्या गाडीसाठी निवडल्या. पाठीवर भार असला की त्या खाली-वर होतात, दगड गिळतात. भार काढला की त्या ताठ राहतात आणि दगडाबरोबर अख्खी गाडी उडते. तुम्ही मायेने गाडी रिकामी केलीत आणि मार बसला हिच्या पाठीला."

मग सासूबाईंना एकाएकी हसू फुटलं. "अगं बाई, म्हणजे आम्ही सगळ्यांनी मिळून छळलं की गं तुला!" त्या हसल्या तसा सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला. डॉक्टरीणबाई हसता हसता रडायला लागल्या.

मग एकच धांदल उडाली. नळ्या सुटल्या, वेलींना दोऱ्यांवर समाधान मानावं लागलं, पिंप भरलं, पेटी चढली. मास्तरांनी चाकावर हात नेला. जेमतेम मूठ गेली. ती मूठ तशीच धरून ते गॅरेजवाल्यासमोर उभे राहिले.

"दादा, या मुठीने माझ्याच डोक्यात एक हाणा."

"हाणली असती, पण तुम्ही तिच्यासाठी गादी घातलीत," गॅरेजवाला म्हणाला आणि त्याने किल्लीसाठी हात पुढे केला.

तो चालवायला बसला, बहीण शेजारी. बाकीचे मागे दाटीवाटीने बसले. डोंगराच्या वाटेला पहिला दगड आला. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. दुसरा आला, मग नुसती दगडांची रांगच. बहिणीने एक शब्द काढला नाही. दादाची नजर पुढे होती, पण स्टिअरिंगवरची बोटं पांढरी पडली होती.

वाट वळून गाडी माघारी फिरली, तरी ती गप्पच.

"वहिनी," भावजींना राहवेना, "दुखतंय की काय हिला? विचारू का?"

"तोंड मिटा आणि ऐका."

इंजिनाच्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता, संथ, घरघरणारा. डॉक्टरीणबाईंची मान खिडकीकडे कलली होती आणि त्या खुशाल घोरत होत्या.

दादाने बाहीने डोळे पुसले. घराचं फाटक आलं. त्याने वेग कमी केला, एकदा बहिणीकडे पाहिलं, आणि फाटकावरून गाडी तशीच पुढे नेली.