कानामागचा उजेड

निगडी प्राधिकरणात दुपारी दोन ते चार कोणाच्या घराची बेल वाजवाल, तर त्या घरी पुन्हा चहा मिळायची आशा सोडा. पण त्या गुरुवारी निवेदिताच्या घरात कोणीच आडवं झालं नव्हतं. गुरुवार म्हणजे आमच्याकडचा रविवार. कंपन्यांना सुट्टी, आणि दुरुस्तीच्या नावाखाली वीजही सुट्टीवर जायला मोकळी. निवेदिता आणि तिचा भागीदार धम्मरत्न बाहेरच्या खोलीत पंखे बंद करून, इन्व्हर्टरच्या जिवावर कॉम्प्युटरसमोर घाम पुसत बसले होते. पडद्यावरचा माणूस कोणत्या सॉफ्टवेअरमधून काढायचा, एवढं संध्याकाळपर्यंत ठरवून कळवायचं होतं.

काम तसं साधंच. कुरुळीच्या एका प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याला, कामगारांना सुरक्षेचे नियम सांगायला माणूस हवा होता, पण हाडामांसाचा नको, कॉम्प्युटरवर घडवलेला. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी तो पडद्यावर येणार, हेल्मेट घाला म्हणणार, मशीन चालू असताना हात आत घालू नका म्हणणार. पोरं खऱ्या सुपरवायझरला भीक घालत नाहीत ती ह्याचं काय ऐकणार, हा प्रश्न मालकांना पडला नव्हता आणि ह्या दोघांना तो पाडायचाही नव्हता. मालकांची अट एकच होती, की माणूस खरा वाटला पाहिजे.

चेहरा घरचाच घेतला. निवेदिताचे वडील सुरेंद्रराव, चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये जन्म काढलेला माणूस. त्यांना खुर्चीत बसवून चारी बाजूंनी फोटो काढले आणि त्यावरून कॉम्प्युटरवर डोकं उभं केलं. हलू नका म्हटल्यावर ते इतके गप्प बसले की धम्मरत्न म्हणाला, असा मॉडेल नशिबानं मिळतो. कोणाचीही पापणी एखाद्या फोटोत लवतेच, काकांची एकाही फोटोत लवलेली नाही.

निवेदिताला त्यांचा चेहरा घ्यायचं आणखी एक कारण होतं, ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. हिवाळ्यात सुरेंद्ररावांना अटॅक आला होता. डॉक्टर बाहेर येऊन हळू आवाजात काहीतरी बोलले, नातेवाइकांना फोनही गेले. तिची आई, चित्राताई, तेवढी डोळ्यांतून टिपूस न काढता आत जाऊन त्यांच्या उशाशी बसली. आणि बऱ्याच वेळानं नर्स धावत आली, की नाडी लागतेय. बाबा घरी आले. निवेदिताला देवाकडे दुसरं काही मागायचं राहिलं नव्हतं. तरी रोज सकाळी जाग आली की ती आधी त्यांच्या खोलीकडे कान लावायची, आणि त्यांची खुर्ची करकरली की मगच उठायची. हा माणूस आपल्याकडे राहिला पाहिजे, निदान पडद्यावर तरी, असं तिला आतून वाटे.

घरी आल्यापासून ते कमी बोलत, कमी जेवत. एक गोष्ट मात्र तिला चुटपुट लावायची. टूलरूममधून रिटायर होऊन वर्षं झाली तरी बाबांच्या अंगाला मशीनच्या तेलाचा वास असायचा, साबणानं न जाणारा. आता तो वास नव्हता. दुसराही कुठला नव्हता. औषधांमुळे असेल, असं तिनं मनाला समजावलं होतं.

तर सॉफ्टवेअर. पर्याय दोन होते, आणि धम्मरत्ननं त्यांना टोपणनावं दिली होती, एक रिक्षा आणि एक एसटी. रिक्षा भन्नाट पळायची. बटण दाबलं की माणूस समोर हजर, पण कातडी किती गुलाबी दिसायला हवी ते आपणच तिला सांगायचं, ती तसं दाखवणार. एसटीचा कारभार सावकाश. उजेडाचा किरण कातडीत किती शिरला, आत रक्ताला लागून कसा फिरला, कुठून बाहेर पडला, याचा ती स्वतः हिशेब करायची. चित्र आधी रव्यासारखं कणीदार दिसे, मग कण बसत बसत चेहरा वर येई.

चाचणीसाठी त्यांनी पडद्यावरच्या सुरेंद्ररावांना खिडकीकडे पाठ करून उभं केलं. मागून उजेड आला की जिवंत माणसाचा कान लाल दिसतो. लहानपणी सगळ्यांनीच बॅटरीवर बोट धरून पाहिलेलं असतं, तसंच हे. या धंद्यात माणूस खरा की मेणाचा, ते कानावरून कळतं.

रिक्षात कान लालबुंद दिसला. एसटीत कण बसले तेव्हा कान पांढरा निघाला. उजेड आरपार येत होता, पण आत काही नव्हतं. तळायच्या आधीचा साबुदाण्याचा पापड उन्हात धरावा तसा.

धम्मरत्ननं सगळं तपासलं. कातडीखाली रक्ताचा थर होता, रंग होता, आकडे बरोबर होते. मग त्यानं स्वतःचं डोकं, जे जुन्या कामासाठी बनवलेलं पडून होतं, त्याच जागी त्याच उजेडात ठेवलं. एसटीनं त्याचा कान पळसाच्या फुलासारखा काढला. पुन्हा काका ठेवले. पांढरा.

"असं होऊच शकत नाही," तो म्हणाला. "आपण तर नुसते वरून फोटो काढलेत. आत रक्त आहे की नाही, ते फोटोला काय कळणार?"

निवेदितानं पडद्यावरचा पांढरा कान मोठा करून पाहिला. खोलीत इन्व्हर्टरची बारीक घरघर तेवढी ऐकू येत होती.

या धंद्यात वाद पडला की शेवटी खऱ्या माणसाकडे जातात. तोच उजेड, तीच बाजू, एक फोटो काढायचा आणि शेजारी ठेवून बघायचं. धम्मरत्नही तेच म्हणाला. निवेदितानं कॅमेरा उचलला आणि मागच्या गॅलरीत गेली.

गॅलरीत ऊन उतरायला लागलं होतं. सुरेंद्रराव नेहमीसारखे भिंतीच्या आडोशाला, सावलीत बसले होते. तिनं त्यांना उठवून कठड्याजवळच्या खुर्चीत, पश्चिमेकडे पाठ करून बसवलं. ते मुकाट्यानं बसले. तिनं कॅमेरा डोळ्याला लावला. कॅमेऱ्यावर धरलेली तिची स्वतःची बोटं उन्हात कडेनं लाल झाली होती, हे तिला दिसत होतं.

बाबांचा कान पांढरा होता.

तिनं कॅमेरा खाली घेतला. साध्या डोळ्यांनी बघितलं. थोडी बाजूला सरकून बघितलं. ऊन कानाच्या पाळीतून आरपार येत होतं, स्वच्छ, आणि आत एक शीरही दिसत नव्हती. तिला पळून जावं असं वाटलं, आणि त्याच क्षणी त्यांना घट्ट मिठी मारावी असंही वाटलं. तिनं यातलं काहीच केलं नाही.

"कोणतं घेणार आहेस मग?" त्यांनी विचारलं. मान वळवली नव्हती.

"बघतोय अजून, बाबा…"

"रिक्षा घे." ते थोडं थांबले. "ते दुसरं… फार आत शिरतं."

भिंतीपलीकडून त्यांना आपलं बोलणं ऐकू गेलं असेल, असं ती स्वतःला सांगत राहिली. त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. तिनं त्यावर आपला हात ठेवला. तो गार नव्हता आणि गरमही नव्हता. खुर्चीच्या दांड्यापेक्षा वेगळा असा तो लागेना.

ती आत आली. धम्मरत्न वाटच पाहत होता. तिनं सांगितलं, रिक्षाच घेऊ, कुरुळीला कळवून टाक. तो चकित झाला. मालकांना खरा माणूस हवाय, एसटीच्या पासंगाला तरी पुरेल का रिक्षा, असं तो तळमळीनं सांगू लागला. तिनं वेळेचं कारण पुढे केलं, मशीनच्या ताकदीचं केलं, इन्व्हर्टरचंसुद्धा केलं.

"आणि काकांचा फोटो?" त्यानं विचारलं.

"लाल आहे," ती म्हणाली. "चांगला लाल आहे. स्कॅनमध्येच चूक असणार."

आयुष्यात तिनं त्याच्याशी कामाबाबत केलेला हा पहिला खोटेपणा. धम्मरत्ननं फोन लावला. तो बोलत असताना तिनं एसटीत काढलेली सगळी चित्रं पुसली आणि कचऱ्याची पेटीही रिकामी केली. पडद्यावर रिक्षातले बाबा उरले, गुलाबी कानांचे, हेल्मेट घाला म्हणून सांगायला तयार. तिला हुंदका आला, तो तिनं खोकल्यावर नेला.

धम्मरत्न गेल्यावर ती पुन्हा गॅलरीत आली. बाबांना सावलीत हलवायचं राहिलं होतं. पण तिच्या आधी आई तिथं पोचली होती. चित्राताईंच्या हातात लोकरीची तपकिरी कानटोपी होती. भर चैत्रातल्या उन्हात त्यांनी ती नवऱ्याच्या डोक्यावर चढवली, दोन्ही कान नीट आत घेतले, आणि हनुवटीखाली नाडी बांधली. सुरेंद्रराव लहान मुलासारखे मान वर करून बसले होते.

"आई… उकडेल त्यांना."

"नाही उकडत."

त्यांनी गाठ बोटानं चाचपून पाहिली. मुलीकडे न बघताच त्या बोलत होत्या, शाळेत शिकवत असताना फळ्याकडे तोंड करून बोलायच्या तशा, शांतपणे.

"हॉस्पिटलातून आणलं त्याच रात्री विणायला घेतली. आजवर कपाटातून काढायची वेळ आली नव्हती." मग त्यांनी खुर्ची दांड्याला धरून अलगद भिंतीच्या सावलीत सरकवली. "उन्हाकडे पाठ करून बसवायचं नाही गं त्यांना. आणि कोणी बघितलं, तरी आपण बोलायचं नाही. एवढं पाळलं ना… की राहतात ते."