तिच्या वाट्याचं दुखणं

"झोपलेल्या माणसाला दिलेला शब्द सगळ्यांत आधी पाळायचा. तो काही आठवण करून द्यायला उठत नाही."

भूल द्यायला शिकवणाऱ्या मोठ्या मॅडम असं म्हणायच्या. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. पण ऑपरेशनची टोपी बांधताना डॉक्टरीणबाईंच्या कानात तो आवाज हटकून यायचा. मग त्या क्षणभर डोळे मिटायच्या, देवाचं नाव घ्यायच्या आणि कामाला लागायच्या.

त्या सकाळी टेबलावर चौदा वर्षांची चिमणी होती. चिमणी हे बापानं लाडानं ठेवलेलं नाव; पोर चांगली उंच होती. पण पाठीचा कणा एका अंगाला कललेला, त्यामुळे ती सतत कुणाचं तरी बोलणं ऐकायला वाकल्यासारखी दिसायची. आज तो कणा सळया घालून सरळ करायचा होता.

"मला झोपेत दुखलं तर?" तिनं विचारलं. "मी सांगणार कशी?"

"तुझं औषध माझ्या हातात आहे ना."

"पण तुम्हाला कळणार कसं?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "बरं बाई, तुझ्याऐवजी मलाच दुखेल. मग तर झालं?"

"शब्द?"

"शब्द."

चिमणी झोपली. चौघांनी मिळून तिला अलगद पालथं केलं. तिचे हात गारठले होते, म्हणून डॉक्टरीणबाईंनी पांघरूण मनगटांवरही ओढलं. सलाइनची जागा कधी झाकायची नाही, हा त्यांचा स्वतःचाच नियम. पण माया नियमाला विचारत बसत नाही.

काम सुरू झालं. झोपेचं औषध एका पंपातून जात होतं, वेदनेचं दुसऱ्यातून. पडद्यावर नाडीची रेघ संथ चालली होती. सर्जन मणक्यात स्क्रू बसवू लागले, तेव्हा डॉक्टरीणबाईंना पाठीत मध्यभागी काहीतरी टोचल्यासारखं झालं. त्यांनी मान वळवली, खांदे हलवले. टोचणं खाली सरकलं. मग तिथं आग पडायला लागली.

"मॅडम, पाठ काय चोळताय? ऑपरेशन नक्की कुणाचं चाललंय?" सर्जननी विचारलं.

"वय झालं. तुम्ही तुमचे स्क्रू बघा."

सिस्टर हसल्या. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पडदा बघितला. नाडी शांत, रक्तदाब शांत. औषध वाढवावं असं त्या आकड्यांत काहीच नव्हतं. दोन्ही पंप नेटानं चालू होते. पण स्क्रूला पीळ बसला, की त्यांच्या पाठीत कळ उठत होती.

"सर, जरा थांबता?"

सर्जननी हात उचलला. कळ थांबली.

"हं, करा आता."

कळ आली. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली.

"थांबा!"

त्यांनी पांघरूण वर केलं.

वेदनेच्या औषधाची नळी जोडापाशी सुटली होती. नळी सुटल्याचं पंपाला कळत नाही. तो आपला ढकलत राहतो.

त्यांनी जोड बदलला. औषध दिलं. हात मुलीच्या मनगटावर ठेवून उभ्या राहिल्या. हळूहळू त्यांचीच पाठ निवली.

"मॅडम," सिस्टर हलक्या आवाजात म्हणाल्या, "हे केव्हाचं गळतंय. चादर चिंब झालीय. आणि पोरीची नाडी हललीसुद्धा नाही?"

मग इतका वेळ ते दुखणं गेलं कुठं, हे कुणीच विचारलं नाही.

संध्याकाळी चिमणीनं पायाची बोटं हलवून दाखवली. बाप डोळे पुसत म्हणाला, "आता हिच्याशी बोलायला मलाच मान वर करावी लागणार." झालेली चूक डॉक्टरीणबाईंनी त्याला स्पष्ट सांगितली. तो काही बोलण्याआधी चिमणीनंच हात पुढे केला.

"फार दुखलं का हो तुम्हाला?"

त्यांनी तो हात हातात घेतला. "थोडंसं," म्हणाल्या.

"या पिल्लूचा गुडघा मोडलाय." चिमणीनं शेजारच्या खाटेकडे डोळ्यांनी खुणावलं. तिथली लहानगी हुंदके देत त्यांच्याकडे टक लावून बघत होती. "सारखी रडते. मी तुमच्या वतीनं तिला शब्द दिलाय. चालेल ना?"

डॉक्टरीणबाईंनी चिमणीच्या केसांवरून हात फिरवला आणि त्या निघाल्या.

पिल्लूचं रडणं जिन्यात खालपर्यंत ऐकू येत होतं. शेवटच्या पायरीवरून त्यांनी पाय उतरवला आणि उजव्या गुडघ्यातून अशी सणक गेली, की पिशवी हातातून गळाली.

वरचं रडणं त्याच क्षणी थांबलं.

त्यांनी कठडा धरला. त्यांच्या दुखण्यावरचं औषध वरच होतं, आणि ते घेणारं माणूसही वरच होतं. त्यांनी पिशवी उचलली, देवाचं नाव घेतलं आणि लंगडत लंगडत पुन्हा जिना चढायला लागल्या.