छतातलं पीठ

तेलगावचा गहिनीनाथ साप धरायचा आणि त्यापायी लोकांचे टोमणेही झेलायचा. "तूच सोडतूस अन् तूच धरतूस बे," हे त्यानं इतक्यांदा ऐकलं होतं की आता त्याचं हसूही येत नसे. दिंद्रुडच्या मन्मथप्पांच्या घरी पीओपीच्या छतात काहीतरी दडदडतंय म्हणून बोलावणं आलं, तेव्हा तो नेहमीसारखा डबाभर ज्वारीचं पीठ, जाळी आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन निघाला. पिठात उमटलेला पाय खोटं बोलत नाही, असं तो म्हणायचा.

खोली मन्मथप्पांच्या लेकीची. रुचिका बाळंतपणाला माहेरी आलेली, बाळ दहा दिवसांचं. छतातल्या आवाजापायी पाळणा समोरच्या खोलीत हलवला होता. या खोलीत मात्र नुकत्याच उतरवलेल्या आंबेमोहर भाताचा वास कोंदला होता.

"बाळंतिणीला भात थंड पडतो म्हणून घरात दहा दिस भात शिजला न्हाई," मन्मथप्पा म्हणाले. "मंग ह्यो वास कुठला?"

"उदमांजराचा, अप्पा. त्याच्या अंगालाच असा वास येतो." गहिनीनाथ हसला. शितावरून भाताची परीक्षा त्याला चांगली जमायची.

मन्मथप्पा छतात विष टाकायला निघाले होते. रुचिका आडवी आली. "लेकुरवाळी असंल ती, अप्पा. इख टाकू नगा."

एकही जीव न मारता छत रिकामं करून देतो, असा गहिनीनाथनं शब्द दिला. उदमांजर जिथून ये-जा करत होतं, त्या खिडकीवरच्या भोकाशी त्यानं पीठ पसरलं. पिल्लंवाल्या मादीला उजेड आणि गोंगाट सोसत नाही, ती आपणच पिल्लं दुसरीकडं हलवते. उद्या आत दिवा आणि रेडिओ ठेवू, असं सांगून तो गेला.

दिव्याची वेळच आली नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, उन्हात कधी न दिसणारं ते जनावर तीन खेपा करून तीन पिल्लं तोंडात धरून पळालं. रुचिकानं अंगणातून पाहिलं. पिठातले ठसे लांब लांब पडले होते, नखं रुतलेली. कुत्रं मागं लागल्यावर पडतात तसे. गहिनीनाथला ते खटकलं. पण मन्मथप्पा कौतुकानं चहा पाजत होते, आणि फुकटचं श्रेय कुणाला नको असतं? त्यानं छतात टॉर्च फिरवला, भोकाला जाळी आवळली आणि म्हणाला, "आता बिनघोर पाळणा आणा."

त्याच्या शब्दावर पाळणा परत आला.

चौथ्या दिवशी मन्मथप्पांचा फोन. "वास येतोय. एखादं पिल्लू मुद्दाम आत ठिवलं का बे? परत बोलवावं म्हणून?"

बोलणं जिव्हारी लागलं. तो आला, तर जाळी जशीच्या तशी. आत ना पिल्लू, ना लेंडी. वास मात्र आता वाफेसकट येत होता. घरातलंच कुणी चोरून भात रांधतंय, असा त्याला दाट संशय आला. त्यानं सरळ स्वयंपाकघरात जाऊन झाकणं उचलून पाहिली. भाकरी, मेथीची भाजी. भात नव्हता.

चिडून त्यानं छतात सगळीकडं पीठ पसरलं आणि जाळी पुन्हा आवळली. "पाळणा हितंच राहू द्या. सकाळी बघू कोण खोटं हाय ते."

सकाळी नऊला त्यानं स्वतः स्क्रू काढले.

पीठ सपाट होतं. फक्त मधोमध, बरोबर पाळण्याच्या वर, दोन ठसे होते. शेजारी शेजारी, अंगठ्याएवढे. नखं नव्हती.

येतानाचा ठसा नव्हता. जातानाचाही नव्हता.

तो शिडी उतरला. इतक्या वर्षांत कुठल्याही नागापुढं तो असा भ्याला नव्हता.

"रातभर हूं न्हाई का चूं न्हाई," रुचिका कौतुकानं म्हणाली. "पहिल्यांदा सलग निजलं."

दुपट्यातून बाळाचे तळवे बाहेर आले होते. पांढरे.

"इभूत लागली असंल," मन्मथप्पा म्हणाले.

"ती कपाळाला लावली मी. पायाला कशाला लावू?"

गहिनीनाथनं चिमटीत घेऊन पाहिलं. विभूती गुळगुळीत लागते. हे खरबरीत होतं.

पाळणा उचला, असं त्याला ओरडायचं होतं. पण पाळणा हितंच राहू द्या, असं काल तोच म्हणाला होता.

"दूध ओघळलंय बघा," म्हणत रुचिका बाळाचा ओठ पुसायला वाकली, आणि तिनं बोट झटकन मागं घेतलं.

ओठाला भाताचं शीत चिकटलं होतं. अजून गरम.