कोरड्या हवेची साक्ष

"माझ्या सख्ख्या भाचीनेच घात केलाय," कारखानदारबाई म्हणाल्या.

खासगी तपास करणाऱ्या वहिनी शांतपणे ऐकत होत्या. शेजारी बसलेले त्यांचे दीर, भाऊजी, झिओलाइट या शब्दावरच अडले होते.

"बारीक छिद्रांची भुकटी," बाईंनी सांगितलं. "तेलापासून इंधन करायला लागते. ती आम्लाने धुवून कोरड्या हवेत भाजायची कृती जुनी आहे, पण ती भुकटी चार दिवसांत निकामी होते. मी भाजताना वाफ सोडली, तर ती महिनोन्‌महिने टिकली. तेच माझं पेटंट. आता ते रद्द करा म्हणून कोर्टात गेलेल्या कंपनीचे तज्ज्ञ साक्ष देतात, जुन्या कृतीने तशीच भुकटी झाली, म्हणजे हे कुणालाही सुचलं असतं. पेटंट गेलं तर कारखाना गेला. भाची त्यांच्याकडे नोकरीला आहे. माझ्याच भुकटीची बरणी तिने चोरून त्यांना दिली असणार."

तज्ज्ञ त्या कंपनीच्या प्रयोगशाळेत तोऱ्यात भेटले. "तीस वर्षं हेच करतोय. कृती शब्दन्‌शब्द पाळली."

पंपातली हवा मण्यांनी भरलेल्या काचेच्या नळीतून भट्टीत जात होती.

"मणी कशाला?" वहिनींनी विचारलं.

"हवेतला ओलावा शोषायला."

"गुलाबी छान दिसतात," भाऊजी म्हणाले. "माझ्या औषधांच्या दुकानात निळे असायचे."

वहिनींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की आपण पुन्हा काहीतरी बावळटासारखं बोललो असं त्यांना वाटलं.

तिथेच काम करणाऱ्या भाचीचे डोळे सुजले होते. "मी फक्त मोजमापं घेते. बरणीचं मला काही माहीत नाही. मावशी फोनच उचलत नाही."

वहिनींनी तज्ज्ञांना दोन भुकट्या भाजायला लावल्या. दहा दिवसांनी सगळे तिथेच जमले.

"केस भाऊजींनी सोडवली," वहिनी म्हणाल्या. भाऊजींना खोकलाच आला. "हे मणी कोरडे असताना निळे असतात, ओलावा पिऊन तुडुंब झाले की गुलाबी. रोजच्या वापरातली नळी, कुणी बघितलीच नाही. भट्टीत दमट हवा गेली. गुलाबी मण्यांतून आलेल्या हवेत भाजलेली भुकटी अजून चालतेय. ताज्या निळ्या मण्यांच्या हवेतली चौथ्या दिवशीच निकामी झाली. बरणी चोरायची गरजच नव्हती."

"म्हणजे मी नकळत वाफच दिली," तज्ज्ञ हळूच म्हणाले.

"स्वतःच्या हातांनी दिलीत, तरी तुम्हाला कळलं नाही. मग ते कुणालाही सहज सुचलं असतं, असं कसं म्हणता?"

तज्ज्ञांनी नळी भट्टीपासून सोडवून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "माझी साक्ष मी आजच बदलून देतो."

पेटंट वाचणार होतं. बाई मात्र भाचीसमोर मान खाली घालून उभ्या होत्या.

"आधी मला विचारायचं होतंस, मावशी."

"हो गं. तेवढंच सुचलं नाही मला," बाई म्हणाल्या आणि त्यांनी तिचा हात घट्ट धरला.