राजकन्या उभी का राहत नाही?

भिंगरीने मामाच्या छापखान्यातली राजकन्येची सगळी पुस्तकं फरशीवर ओळीने मांडली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बघा. हिला कोणीतरी बसवलंय."

ताई आणि दीड वाकून बघू लागले. ताई ही भिंगरीची मोठी बहीण, दीड हा भाऊ. 'दीडशहाणा' म्हणायला कोणाला वेळ नसे. दोन सूर्यांच्या ग्रहावरची राजकन्या म्हणजे तिघांचा जीव की प्राण. गोष्टीत ती प्रत्येक भागात तलवार घेऊन लढायची. मुखपृष्ठांवर मात्र आधी उभी, मग खडकाला टेकलेली, मग बसलेली. ताज्या भागावर तर चक्क आडवी, आणि आतल्या पानांत ती खवल्यांच्या राक्षसाला लोळवत होती!

मामाला विचारलं तर तो उखडला. चित्रकार आळशी झालाय, वाचक हसतात, असं म्हणाला. आता येणाऱ्या शेवटच्या भागात राजकन्या एकटी तटावर चढून आपलं शहर परत घेते. तिथेही ती झोपलेली दिसली, तर पुढचं काम दुसऱ्या चित्रकाराला.

तिघं जिना चढून वरच्या मजल्यावर चित्रकाराच्या खोलीत गेले. खिडकीपाशी खाटेवर एक बाई उशांना टेकून होत्या. फार वाळलेल्या. तरी भिंगरीने चेहरा ओळखला. राजकन्येचाच होता.

चित्रकारकाकांनी काही लपवलं नाही. समोर पाहिल्याशिवाय त्यांना माणूस काढता येत नसे, आणि समोर कायम त्यांच्या पत्नी, या खाटेवरच्या काकूच, उभ्या राहत. पुढे त्यांना उभं राहवेना. मग बसवेना. डॉक्टरांनी आता औषध बदलणंही सोडलं होतं. मामा रोज खालून हाका मारायचा, पण एकदाही वर आला नव्हता.

"मग दुसऱ्या कोणाला उभं करा की," दीड म्हणाला.

"नाही करणार," काका म्हणाले.

"हट्टी आहेत," काकू म्हणाल्या. "मला मात्र एकदा त्या तटावर चढायचंय. पडून पडून कंटाळले."

शेवटी ताई हातात लोखंडी पट्टी घेऊन स्टुलावर चढली. चेहरा खाटेवरचा, अंग स्टुलावरचं, असं ठरलं. काकू हुकूम सोडू लागल्या. "गुडघा वाकव गं. रेशनच्या रांगेत उभी आहेस का? शहर घ्यायचंय तुला." मध्येच त्यांना दम लागायचा. मग सगळे थांबायचे.

मामाने चित्राचा तगादा लावला. रंग ओला आहे, आता हात लावलात तर राजकन्येला मिशा फुटतील, असं दीडने त्याला बजावलं. मामाने ते खरं मानलं.

चित्र हातात आल्यावर मामाने राजकन्येचा वाळलेला चेहरा उजेडात धरून पाहिला. मग पहिल्यांदाच वर गेला. खाली आला तेव्हा डोळे लाल होते. "पोरांनो, तुम्ही पाहिलंत म्हणून," एवढंच म्हणाला आणि तिघांच्या डोक्यावरून हात फिरवला.

पुस्तक छापून आलं तेव्हा काकूंना ते हातात धरवत नव्हतं. काकांनी त्यांच्यासमोर धरलं.

"चढले बाई एकदाची," काकू म्हणाल्या. "पाय पोरीचे आहेत, पण चालतील."

पुढची मालिकाही तुमचीच, असं मामाने दारातून सांगितलं. काका "बघू" म्हणाले आणि काकूंची उशी सारखी करू लागले.

जिना उतरताना भिंगरीने विचारलं, "आता काकू उठतील ना?"

दीड भराभर पायऱ्या उतरून पुढे गेला.

"नाही," ताई म्हणाली आणि तिने भिंगरीचा हात धरला.